वाचक विचारतात : नक्षी शाबूत, टायर मात्र म्हातारा

प्रश्न : वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. माझे मोठे काकाजी इंग्लंडमध्ये डॉक्टर होते. १९९८ साली कायमचे गावी परतताना त्यांनी आपली १९९१ सालची माझ्दा एमएक्स-५ ही उघड्या टपाची दोन आसनी गाडी सोबत आणली. ते गेल्यापासून ती कोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली सात वर्षे उभी होती. यंदा मी तिचे इंजिन, ब्रेक आणि क्लच यांचे काम करून घेतले असून आता टायरांपाशी अडलो आहे. टायरवर १८५/६० आर १४ ८२ एच असे लिहिले आहे. एके ठिकाणी २२१४ असाही आकडा आहे, तो कशाचा हे कळत नाही. नक्षी जवळजवळ पूर्ण शिल्लक आहे. तालुक्याचे टायरवाले म्हणतात, ‘नक्षी त नव्यासारखीच हाय जी, कायले बदलवता?’ बदलायचेच असतील तर हे माप त्यांच्याकडे नाही, परंतु स्विफ्टला येणारे १६५/८० आर १४ बसवून देतो आणि गाडी थोडी उंचही होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या पांदण रस्त्यावर ही गाडी खाली घासते, त्यामुळे मला तो विचार पटू लागला आहे. नागपूरला शिकणारा पुतण्या मात्र १५ इंची रिम आणि १९५/५० चे रुंद टायर घ्या म्हणतो. डिकीतील स्पेअर चाक कधीच वापरले गेलेले नाही, म्हणजे ते नवेच धरायचे का? काय करावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे २२१४ हा आकडा. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी जी ओळ असते तिच्या शेवटी हे चार अंक येतात. पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. म्हणजे तुमचा तो टायर २०१४ सालच्या बाविसाव्या आठवड्यात, साधारण मेअखेरीस, तयार झाला. हे अंक टायरच्या एकाच बाजूवर असतात आणि पुष्कळदा ती बाजू आत गेलेली असते, म्हणून उरलेल्या तीन चाकांखाली टॉर्च घेऊन एकदा वाकून पाहावे. तेही त्याच सुमाराचे निघाले, तर चारही टायरांची दहा वर्षे उलटून गेली आहेत, आणि नक्षी कितीही खोल असली तरी ते बदलले पाहिजेत, यात मला शंका वाटत नाही. बहुतेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करायला आणि दहा वर्षांनंतर टायर काढून टाकायला सांगतात. काही मोटार कंपन्या तर सहा वर्षांवरच थांबा म्हणतात. या मुदती आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब करून ठरवलेल्या नाहीत, हेही ध्यानात घ्यावे.

टायरवाल्यांची चूक समजण्यासारखी आहे. त्यांच्यापुढे दिवसभर येतात त्या गाड्या रोज धावणाऱ्या, त्यांचा टायर म्हातारा होण्याआधी झिजतो, त्यामुळे नक्षी पाहून निकाल देणे त्यांच्या बाबतीत बरोबरच ठरते. उभ्या गाडीचे गणित वेगळे असते. रबर हवेतल्या ओझोनने तडकू नये म्हणून त्यात मेणासारखे आणि इतर संरक्षक पदार्थ मिसळलेले असतात. टायर फिरतो, दबतो, पुन्हा फुगतो, तसे हे पदार्थ आतून पृष्ठभागावर येत राहतात आणि वरचा थर सांभाळतात. सात वर्षे जो टायर फिरलाच नाही, त्याच्या पृष्ठभागावर ते आले कुठून? त्यात वर टिनाचे शेड आणि वैशाखातले पंचेचाळीस अंश. उष्णता रबर जून करते, ते कडक होत जाते, आणि आतील पोलादी तारांचे पट्टे व त्यांभोवतीचे रबर यांची पकड सैल पडू लागते. ही शेवटची गोष्ट बाहेरून दिसत नाही.

दिसते ते एवढेच : चाक थोडे वर उचलून दोन खाचांमधली जागा अंगठ्याने ताणून धरावी आणि खाचेच्या तळाशी उजेड टाकून पाहावे. केसाएवढ्या बारीक, एकमेकींना समांतर अशा भेगा तिथे दिसल्या, की पुढचा विचार करायचा नाही. रिमला लागून असलेल्या कडेवरही याच भेगा आधी उमटतात. नख रुतवून पाहिले तर ताज्या टायरमध्ये ते किंचित दबते, जुन्यात घसरते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका दुकानात सवलतीत मिळाले म्हणून मी चार काळेभोर, चकचकीत टायर घेतले आणि तारखेचा आकडा पाहायचे कष्ट घेतले नाहीत. पुढे तिसऱ्या उन्हाळ्यात हिंगणघाटहून वर्ध्याकडे येताना मागच्या बाजूने धप्‌ धप्‌ असा आवाज सुरू झाला. मी समजलो, रस्त्याचे सांधे असतील. थांबून पाहिले तेव्हा मागच्या डाव्या टायरची नक्षी वीतभर लांबीत पोळीच्या पापुद्र्यासारखी सुटून उभी राहिली होती, आणि हवा मात्र पूर्ण होती. त्या वेळी आकडा वाचला. विकत घेतले तेव्हाच ते टायर चार वर्षांचे होते. दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण मी विचारलेच नव्हते.

कायद्याचा आधार येथे फारसा उपयोगी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोल नक्षी असावी लागते, आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर पाच वर्षांनी गाडी दाखवायला नेताना मुख्यतः तीच खोली आणि उघड दिसणारी इजा पाहिली जाते. तुमचे टायर त्या परीक्षेत कदाचित उत्तीर्णही होतील. तरीही ते बदला.

आता मापाकडे वळू. १८५/६० आर १४ म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या साठ टक्के म्हणजे १११ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १४ इंच. या हिशेबाने पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर होतो. टायरवाल्यांनी सुचवलेल्या १६५/८० आर १४ चा व्यास होतो सुमारे ६२०. म्हणजे टायर ४२ मिलिमीटरने मोठा, आणि गाडी त्याच्या निम्म्याने, म्हणजे २१ मिलिमीटरने उंच. पांदणीवर हे २१ मिलिमीटर मोहात पाडणारे आहेत, हे मी मान्य करतो. परंतु त्यांची किंमत पाहा. स्पीडोमीटर शंभर दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०७ च्या वेगाने धावत असेल. प्रत्येक गिअर सात टक्क्यांनी लांबेल आणि १.६ लिटरचे, सुमारे ११५ अश्वशक्तीचे ते इंजिन चढावर मलूल वाटू लागेल. स्टिअरिंग पूर्ण वळवले असताना किंवा खड्ड्यात चाक वर दबले असताना टायर मडगार्डच्या आतील बाजूस घासण्याची भीती राहील. आणि मुख्य म्हणजे टायर वीस मिलिमीटरने अरुंद होऊन त्याची भिंत एकवीस मिलिमीटरने उंच होईल. वळणावर ती भिंत आधी वाकेल आणि मग गाडी वळेल. ज्या गाडीचे सगळे वैभव हातातल्या स्टिअरिंगमध्ये आहे, तिच्या बाबतीत हा व्यवहार तोट्याचा आहे. स्विफ्टसाठी तो टायर उत्तम आहे, कारण स्विफ्टची रचनाच त्यावर झाली आहे. पांदणीसाठी घरी दुसरे वाहन असेलच. ही गाडी डांबरी रस्त्यापर्यंत हळू, कडेकडेने काढावी.

पुतण्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. १९५/५० आर १५ चा व्यास ५७६ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा, आणि याच गाडीच्या पुढच्या पिढीला, १९९८ नंतर, कंपनीनेच काही प्रकारांत हे माप दिले होते. प्रश्न व्यासाचा नसून भिंतीचा आहे. ती १११ वरून साडेसत्याण्णव मिलिमीटरवर येते, आणि खड्ड्याची कड व रिमची कड यांच्यामध्ये जे रबर असते त्यातले साडेतेरा मिलिमीटर कमी होतात. मोर्शी-वरूडकडे पावसाळ्यानंतर काळ्या मातीवरचा रस्ता कसा दबतो आणि त्याच्या कडा कशा तुटतात हे तुम्हांला मी सांगायला नको. एका खड्ड्यात रिम वाकली, की सगळी हौस तिथेच संपते. शिवाय जेमतेम साडेनऊशे ते हजार किलो वजनाच्या गाडीला रुंद टायरचा म्हणावा तसा फायदाही होत नाही. वजन तेवढेच आणि टायर रुंद, म्हणजे साचलेल्या पाण्यावरून टायर उचलला जाण्याची शक्यता अधिक. तरुणांना रुंद टायर आवडतात, त्यात गैर काही नाही. मलाही त्या वयात आवडत.

म्हणून माझा सल्ला मूळ मापाचाच आहे : १८५/६० आर १४, भारांक ८२ म्हणजे प्रत्येक टायरला ४७५ किलो, आणि वेगाचे अक्षर एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. आपण एवढ्या वेगाने कुठे जाणार, असे कोणी म्हणेल. परंतु वेगाचे हे अक्षर मुळात उष्णतेच्या परीक्षेचे असते; अमुक वेगाने फिरताना टायर तापून खराब होत नाही, एवढेच ते सांगते. मे महिन्यात तापलेल्या डांबरावर ते अंगातले बळ आपल्या कामी येते, म्हणून एच मिळत असताना टी, म्हणजे ताशी १९० किलोमीटर, घेऊ नये. हे माप तालुक्याला मिळणार नाही. अमरावती किंवा नागपूरच्या मोठ्या विक्रेत्याकडे मागवावे लागेल, आणि मागवतानाच चारही टायरांच्या तारखेच्या अंकांचा मोबाइलवर फोटो पाठवायला सांगावे. वर्षभराच्या आतला माल असेल तर निःशंक घ्यावा, दोन वर्षांचा असेल तर भाव करून घ्यावा, त्याहून जुना असेल तर नम्रपणे नको म्हणावे. कमी खपणाऱ्या मापाचा माल गोदामात पडून राहिलेला असतो, म्हणून येथे ही चौकशी नेहमीपेक्षा अधिक करावी लागते.

बरेच प्रयत्न करूनही हे माप मिळाले नाही, तर १७५/६५ आर १४ हा एकच पर्याय मी मान्य करीन. होंडा अमेझच्या पहिल्या पिढीला तो येत असे, त्यामुळे तो सहज मिळतो. त्याचा व्यास ५८३ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापापेक्षा एका टक्क्याने अधिक, भारांक तोच, आणि तुमच्या साडेपाच इंच रुंदीच्या रिमवर तो व्यवस्थित बसतो. वळणावर तो थोडा मऊ वाटेल, परंतु खड्ड्यात सुखाचा होईल. खरे सांगायचे तर आपल्या रस्त्यांवर महिनाभर चालवल्यावर हा फरक तुम्ही विसरून जाल.

कोणत्या कंपनीचा घ्यावा, हे तुम्ही विचारलेले नाही आणि मीही त्यात फार शिरणार नाही. एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके, ब्रिजस्टोन, योकोहामा यांपैकी ज्याचा ताजा माल योग्य मापात मिळेल तो घ्यावा. परदेशी शर्यतींतले मऊ रबराचे टायर मनात असतील तर ते काढून टाका. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन आहे, आणि असे टायर काही हजार किलोमीटरांत संपतातही. काही टायरांवर ‘ट्रेडवेअर’ असा शब्द आणि पुढे आकडा असतो. तो जितका मोठा तितका टायर टिकाऊ आणि सहसा तितकाच पकडीला कमी. वर्षाला दोनतीन हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीत टायर झिजण्याआधी वयाने बाद होणार आहे, मग टिकाऊपणासाठी पकड कशाला सोडायची? तीनशेच्या आसपासचा आकडा मिळाला तर तो सातशेपेक्षा बरा.

चारही टायर एकदमच, एकाच कंपनीचे आणि एकाच नमुन्याचे बसवावेत. त्याच वेळी चारही व्हॉल्व्ह नवे टाकून घ्यावेत. तीस रुपयांच्या जुन्या रबरी व्हॉल्व्हसाठी नवा टायर खाली बसलेला मी पाहिला आहे. रिमच्या कडांवर पांढरी बुरशीसारखी झर चढली असेल तर ती घासून साफ करायला सांगावी, नाहीतर तिथून हवा झिरपत राहते. या झिरपण्यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे आत ट्यूब टाकणे. तो कृपया स्वीकारू नये. ट्यूबलेस टायरमधली ट्यूब आत घासत राहते, तापते आणि फुटली की एका क्षणात सगळी हवा सोडते. नुसता ट्यूबलेस टायर काट्यानंतरही बराच वेळ तग धरतो.

ही गाडी चाकांच्या तोलाबाबत फार हळवी आहे. बॅलन्सिंगमध्ये थोडी कसर राहिली तरी ताशी शंभरच्या आसपास स्टिअरिंग थरथरू लागते आणि माणूस उगाच सस्पेन्शन उघडून बसतो. तसेच हिच्या चारही चाकांचे कोन जुळवता येतात, मागच्यांचेसुद्धा. पुढच्या दोन चाकांचे अलाइनमेंट करून ‘झाले’ म्हणणाऱ्या ठिकाणी हे काम पूर्ण होत नाही, म्हणून टायर शहरात बसवून तिथेच चारही चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. पहिले दोनतीनशे किलोमीटर संयमाने चालवावी. साच्यातून काढताना लावलेला गुळगुळीत लेप घासून जाईपर्यंत नवा टायर ओल्यात घसरतो.

राहिले स्पेअर चाक. ते मूळचे असेल तर टी ११५/७० डी १४ असे सायकलीच्या चाकासारखे दिसणारे अरुंद चाक असेल, आणि त्याचे वय गाडीइतकेच, म्हणजे तीस वर्षांच्या वर. वापरले नाही म्हणून नवे, हा न्याय साडीला लागू पडतो, टायरला पडत नाही. त्यात ६० पीएसआय हवा भरावी लागते, आणि एवढ्या जुन्या रबरात ६० पीएसआय भरताना जवळ उभे राहण्याची माझी तयारी नाही. त्याऐवजी डिकीत पंक्चरच्या स्ट्रिपांचा संच, पक्कड आणि बारा व्होल्टवर चालणारा हवेचा छोटा पंप ठेवावा. आपल्याकडे पंक्चर होते ते बाभळीच्या काट्याने किंवा वावराच्या कडेला छाटून राहिलेल्या तुराटी-पऱ्हाटीच्या खुंटांनी. नक्षीत घुसलेल्या काट्यावर स्ट्रिप चालते. खुंटाने बाजूची भिंत फाडली तर स्ट्रिप नाही, पॅच नाही, नवा टायरच.

प्रश्न : मी कारंजा (लाड) येथे राहतो. माझ्याकडेही माझ्दाची तीच दोन आसनी गाडी आहे. तिच्या दाराजवळच्या पट्टीवर २६ पीएसआय लिहिले आहे, पण पेट्रोल पंपावरचा मुलगा सगळ्यांना ३५ भरतो आणि २६ म्हटले की हसतो. उन्हाळ्यात दुपारी समृद्धी महामार्गाने नागपूरला जाताना हवा कमी करावी असे काही जण सांगतात, तर काही जण नायट्रोजन भरा म्हणतात. यांतले खरे काय?

उत्तर : विदर्भात या गाड्या दोन असतील असे मला वाटले नव्हते, आनंद झाला. २६ हा आकडा बरोबर आहे. गाडी हलकी आहे, वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ सारखे वाटले गेले आहे, म्हणून चारही चाकांना एकच आणि एवढी कमी हवा पुरते. ३५ भरली तर टायर मधोमध फुगून नक्षीची मधली पट्टीच रस्त्याला धरते, मधला भाग आधी झिजतो आणि गाडी खडीवर उड्या मारते. हसणाऱ्याला हसू द्यावे, आणि मीटरकडे स्वतः पाहावे.

हा आकडा थंड टायरचा आहे, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना, शक्यतो सकाळी, मोजायचा. तापमान दहा अंशांनी वाढले की या दाबाच्या टायरमध्ये साधारण सव्वा ते दीड पीएसआय वाढ होते. मे महिन्यात सकाळी टायर तीस अंशांवर असेल आणि दुपारी धावून पासष्टपर्यंत तापला असेल, तर २६ चे ३०-३१ होतात. ही वाढ टायर बनवताना गृहीत धरलेली असते. लोकांचा घोटाळा येथे होतो : दुपारी मोजतात, ३१ दिसतात, घाबरून पाच पीएसआय सोडून देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २१-२२ उरतात. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला अधिक दबतो, अधिक वाकतो आणि म्हणून अधिक तापतो. उन्हाळ्यात फुटतो तो बहुधा हाच. म्हणजे फुटू नये म्हणून केलेला उपायच फुटण्याचे कारण होतो. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नये.

समृद्धीवर चढण्यापूर्वी हे विशेष पाहावे. गावातल्या रस्त्यावर खड्डे, गतिरोधक आणि जनावरे यांमुळे टायरला अधूनमधून विसावा मिळतो. तिथे काँक्रीटवर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, आणि तासन्‌तास एकाच वेगाने जाताना टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. लांब पल्ल्याला त्या दिवशी सकाळी दोन पीएसआय अधिक, म्हणजे २८, भरून निघायला माझी हरकत नाही. टायर सहा वर्षांच्या पुढचे असतील तर मात्र जुन्या रस्त्याने, सत्तरच्या वेगाने जावे.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात : आपण श्वासात घेतो त्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश झिरपतो, एवढा त्याचा गुण. फुकट मिळाला तर घ्यावा, त्यासाठी वाट वाकडी करू नये.

प्रश्न : वणी येथे माझ्याकडे २००१ सालची मर्सिडीज एसएलके आहे. पुढे २०५/५५ आर १६ आणि मागे २२५/५० आर १६ असे टायर आहेत. मागचे माप मिळायला फार त्रास होतो. चारही चाकांना २०५ टाकले तर चालेल का? निदान टायर पुढे-मागे फिरवता तरी येतील.

उत्तर : दोन्ही मापांचा व्यास जवळजवळ एकच, सुमारे ६३२ मिलिमीटर आहे, म्हणून हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. अडचण रिमची आहे. तुमच्या मागच्या मूळच्या रिम आठ इंच रुंदीच्या आहेत, आणि २०५/५५ चा टायर साडेपाच ते साडेसात इंच रुंदीच्या रिमसाठी असतो. आठ इंची रिमवर तो ताणून बसेल, बसवणारा बसवूनही देईल, परंतु त्याची कड रिमवर असावी तशी धरणार नाही आणि भिंत बाहेरच्या बाजूला तिरपी राहील. वळणावर, तेही मागच्या चाकावर, जिथे इंजिनाची सगळी ताकद येते, तिथे हे नको.

मागे रुंद टायर देण्यामागे आणखी एक हिशेब असतो. चालकाने वळणावर अंदाज चुकून वेग अधिक ठेवला तर गाडीचे नाक आधी बाहेर सरकावे आणि शेपूट धरून राहावी, अशी ती रचना असते. नाक सरकले तर वेग कमी करून सावरता येते, शेपूट सुटली तर गाडी गरकन फिरते. ही रचना टायर वाचवण्यासाठी मोडू नये. पुढचे २०५/५५ आर १६ टोयोटा कोरोला अल्टिसमुळे कुठेही मिळतात. मागच्या दोघांसाठी महिना-दीड महिना आधी मागणी नोंदवावी, आणि शक्य तर दोन्ही मापे एकाच नमुन्याची घ्यावीत. पुढे-मागे फेरपालट होणार नाही, हे खरेच. नक्षीला फिरण्याची दिशा नसेल, म्हणजे टायरवर बाण नसेल, तर मागच्या दोन टायरांची डावी-उजवी अदलाबदल तेवढी करता येईल.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे नेहमी मागच्या चाकांना. मापे वेगळी असल्यामुळे तुम्हांला हा प्रश्न पडणार नाही, परंतु सारख्या मापाच्या गाड्यांचे मालक नवे टायर हौसेने पुढे बसवतात, म्हणून येथे लिहून ठेवतो.

प्रश्न : एका ओळखीच्या माणसाकडे परदेशातून आलेले, थोडेच वापरलेले, नामांकित कंपनीचे रुंद टायर निम्म्या किमतीत मिळत आहेत. स्पोर्ट्स कारसाठी घ्यावेत का? रिसोल केलेल्या, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवलेल्या, टायरांबद्दलही आपले मत कळवावे. (एक वाचक, चिखली)

उत्तर : घेऊ नयेत. टायर कुणी, कोणत्या गाडीवर, किती कमी हवेत चालवला, फूटपाथच्या कडेवर किती वेळा आपटला, हे बाहेरून वाचता येत नाही, आणि थंड देशातून उतरवलेले टायर पुष्कळदा हिवाळी रबराचे असतात. त्यांच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह असते. सात अंशांखालच्या थंडीत मऊ राहण्यासाठी बनवलेले ते रबर आपल्या एप्रिलमध्ये खोडरबरासारखे झिजते. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर आयएसआयची खूण असावी लागते. त्या टायरांवर ती आहे का, एवढे पाहिलेत तरी पुढचे बोलणे आपोआप संपेल.

रिसोलची गोष्ट निराळी. ट्रकच्या आणि एसटीच्या टायरांचा सांगाडाच दोन-तीन नक्षींसाठी मजबूत बनवलेला असतो, म्हणून तिथे चांगल्या कारखान्यातून केलेले रिसोलिंग शहाणपणाचे ठरते. मोटारीच्या टायरचा सांगाडा तसा नसतो.

प्रश्न : नवे टायर घेतले आहेत. पावसाळ्यात गाडी तीन-चार महिने निघणार नाही. टायरांची काळजी कशी घ्यावी? (एक वाचक, पांढरकवडा)

उत्तर : सगळ्यांत सोपे म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप पाहून, दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणावी, वर सांगितलेले ते मेण पृष्ठभागावर यायला एवढे पुरते. ते शक्य नसेल तर हवा चार-पाच पीएसआयने वाढवून ठेवावी आणि दर आठवड्याला गाडी हातभर पुढे ढकलावी, म्हणजे एकाच जागी वजन पडून टायर चपटा होणार नाही. पुन्हा रस्त्यावर आणण्यापूर्वी वाढवलेली हवा टायर थंड असतानाच मूळ आकड्यावर आणायला विसरू नये. आपल्याकडे गाडी ठेवायची जागा म्हणजे बहुधा मोटारपंप, खताची पोती, डिझेलचे कॅन आणि फवारणीचे सामान यांचीच खोली असते. डिझेल आणि तेल रबर फुगवून मऊ करते, आणि विजेच्या मोटारीच्या ठिणग्यांतून जो ओझोन निघतो तोच रबराला तडे पाडतो. तेव्हा एकतर पंप तिथून हलवावा किंवा गाडी. बाजारात मिळणारे चकाकीचे तेलकट पॉलिश लावू नये. साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसलेले टायर दिसायला मळकट राहिले तरी चालतील.